इंदूर: पोळीवाल्या मावशींची मुलगी परत आलीय, आता काय करू?

खिडकीतली_तुळस
रविवार, रात्री ९:५०

नमस्कार, इथे पहिल्यांदाच काही विचारतेय, लांबलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडे बऱ्याच वर्षांपासून पोळ्यांना एक मावशी येतात. त्यांची मोठी मुलगी दिवाळीनंतर गुजरातेत कामाला गेली होती, त्यांच्याच बस्तीतल्या एका बाईने नेलं, केटरिंगचं काम आहे, राहणं-खाणं फुकट, महिन्याला बारा हजार वगैरे सांगून, आणि जाताना मावशींच्या हातात दहा हजार ॲडव्हान्स ठेवले. पहिले पंधरा दिवस फोन आले मग फोनच बंद. मावशी त्या बाईकडे जाऊन जाऊन थकल्या, ती म्हणायची सीझन आहे, बिझी असेल.

काल पहाटे पोरगी परत आली. शुक्रवारी रात्री तिथून कशीबशी निघाली, स्टेशन गाठलं, तिकीट नाही, पायात दुसऱ्याच कुणाच्या चपला. केटरिंग वगैरे काही नव्हतं, एवढं एकच वाक्य बोलली आईशी. बाकी आपण समजायचं ते समजलोच.

मावशी आज दुपारी तिला घेऊन माझ्याकडे आल्या. ओट्याला टेकून खाली फरशीवर बसली ती, दाराकडे तोंड करून. चहा दिला तर कप दोन्ही हातांत धरून तशीच, वर साय धरली तरी घोट नाही घेतला. तेवढ्यात आमचे हे बाहेरून आले, दाराच्या कडीचा आवाज झाला आणि कप हातातून सुटलाच. मग स्वतःच पुसायला लागली ओढणीने, मी नको नको म्हणतेय तरी.

मावशी म्हणतायत कोणाला कळू देऊ नका. पोलिसात गेलं तर ॲडव्हान्स घेतला म्हणून मलाच आत टाकतील, आणि बस्तीत कळलं तर धाकटीचं काही खरं नाही. मला काही सुचत नाहीये. आधी थाना की आधी हॉस्पिटल? हॉस्पिटलवाले पोलिस केसशिवाय हात लावत नाहीत असं ऐकलंय, आणि गोष्ट तर गुजरातची, मग इंदुरात रिपोर्ट लिहितील का? वय १९ आहे, आधारवर तसंच आहे.

एडिट: बस्तीचं आणि एरियाचं नाव काढलंय, खालच्या सूचनेवरून.

---

काळा_कोट
रविवार, रात्री १०:०२

ताई बाकी सगळं सांगतो, आधी बस्तीचं नाव आणि मावशी अजून कोणत्या सोसायटीत जातात ते काढा. नाव न लिहिता सुद्धा ओळख पटते. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे, पीडितेची ओळख उघड होईल असं छापलं तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा. तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंय हे कळतंय पण इंदूर किती लहान आहे ते आपल्या मराठी मंडळींना मी काय सांगू, एका लग्नात सगळे सगळ्यांना भेटतात.

---

जुनी_सिस्टर
रविवार, रात्री १०:१५

मी सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स होते, आता रिटायर. बाकीचे कायद्याचं सांगतीलच, मी घड्याळाचं सांगते कारण ते आत्ता चालू आहे.

शुक्रवारी रात्री निघाली म्हणताय ना, मग शुक्रवारपासून ७२ तास मोजा. सोमवारी रात्री संपतात. एचआयव्ही होऊ नये म्हणून जी औषधं देतात, पीईपी म्हणतात त्याला, ती ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि जितकी लवकर तितकी चांगली, पुढे २८ दिवस न चुकता घ्यायची. गर्भ राहू नये म्हणून गोळी, ती पण ७२ तासांत दिली तर जास्त भरवशाची. प्रेग्नन्सी टेस्ट, बाकीच्या इन्फेक्शनची औषधं, हिपॅटायटिस बीची लस, जखम असेल तर टिटॅनस. ह्यातलं काहीही पोलिसांवर अडलेलं नाही. हॉस्पिटल सरकारी असो की प्रायव्हेट, उपचार फुकट आणि लगेच द्यायचे, आणि नाही दिले तर तो हॉस्पिटलचा गुन्हा. एफआयआर आणा मग बघू असं कोणी म्हणालं तर तिथेच उभं राहून नाव विचारा.

खरं ते पण सांगते, हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, ते त्यांना करावंच लागतं. पण तपासणी, नमुने घेणं हे तिच्या संमतीनेच. १२ वर्षांवरच्या मुलीची स्वतःची संमती घेतात. ती तपासणीला नाही म्हणाली तरी औषधोपचार थांबवता येत नाही, हे २०१४ च्या आरोग्य मंत्रालयाच्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट आहे. लेडी डॉक्टर मागा. आणि ती दोन बोटांची घाणेरडी टेस्ट, ती बंद आहे, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये परत खडसावून सांगितलंय की कोणी केली तर गैरवर्तन धरायचं.

आंघोळ केली असेलच तिने, कोण नाही करणार, त्याने काही बिघडत नाही, तरी जायचं. नमुने ९६ तासांपर्यंत घेतात. काल ज्या कपड्यात आली ते धुतले नसतील तर धुवू नका. आणि ताई, प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका हो. दमट राहून बुरशी धरते आणि पुरावा गेला. वाळवून, उन्हात नाही सावलीत, प्रत्येक कपडा वेगळा, कागदात गुंडाळून. आमच्या वॉर्डात मी ब्राउन पेपर नसेल तर कोरा ड्रॉइंग पेपर आणायला पळवायचे पोरांना.

शेवटचं. वय आधारवरून धरू नका. शाळेची मार्कशीट शोधा. बस्तीतल्या अर्ध्या लोकांच्या आधारवर १ जानेवारी असतं.

---

स्पष्टवक्ता_७१
रविवार, रात्री १०:४०

राग येईल पण स्पष्ट बोलतो. ती कोणी पळवून नेली नव्हती, स्वतःच्या पायाने गेली, आईने पैसे घेतले. कोर्टात पहिला प्रश्न हाच येणार. पाच-सात वर्षं तारखा, वकील काका सुखी, मुलीची बदनामी. त्यापेक्षा मामाच्या गावाला पाठवा, सहा महिन्यांत चांगलं स्थळ बघून हात पिवळे करा. काळ हेच औषध.

---

काळा_कोट
रविवार, रात्री ११:०५

वकील काका सुखी नाहीत, ह्या केसेसमध्ये मी लीगल एडच्या पॅनलवर आहे, मला तिथून जे मिळतं त्यात माझ्या स्कूटरचं पेट्रोल निघतं. असो.

स्वतःच्या पायाने गेली हा मुद्दाच नाही. न्याय संहितेचं कलम १४३ वाचा, मानवी तस्करी. फसवून, लालूच दाखवून, धमकावून किंवा अधिकाराचा गैरवापर करून शोषणासाठी कोणाला नेलं, ठेवलं, दुसऱ्याच्या हाती दिलं, तर ती तस्करी, आणि त्यात पीडितेची संमती होती की नव्हती ह्याला काही अर्थ नाही असं कलमातच लिहिलेलं आहे. शिक्षा सात वर्षांपासून, मुलगी १८ च्या खालची निघाली तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. केटरिंग सांगून भलतीकडे नेलं ही फसवणूक झाली, संपलं.

आता मावशींचे दहा हजार. तुळस ताई, हे सगळ्यात नाजूक आहे म्हणून नीट वाचा. कामाचा ॲडव्हान्स समजून घेतला आणि काम खोटं निघालं तर फसवणूक मावशींचीही झालीय. पण हे त्यांनी लपवलं आणि नंतर दुसऱ्या बाजूच्या वकिलाने बाहेर काढलं तर केस तिथेच लंगडी होते. थान्यात जायच्या आधी त्यांनी वकिलाला सगळं खरं सांगायचं, किती घेतले, कोणासमोर, कशात खर्च झाले. वकील फुकट मिळतो. १५१०० ला फोन करा किंवा सरळ जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात जा, जिल्हा कोर्टात ऑफिस आहे. १९८७ च्या कायद्यात बायका, मुलं आणि तस्करीचे बळी ह्यांना उत्पन्नाची अटच नाही.

इंदुरात लिहितील का, हो. झिरो एफआयआर. घटना कुठेही घडो, कोणत्याही थान्याने लिहून घ्यायची आणि मग तिकडे पाठवायची, नागरिक सुरक्षा संहिता कलम १७३. तिचा जबाब महिला अधिकारी घेईल, घरी किंवा ती म्हणेल त्या जागी, आईला बाजूला बसवून. थान्यात ऊर्जा महिला हेल्प डेस्क असतो, आधी तिथे.

स्पष्टवक्ता साहेब, मुलगी १८ च्या खालची निघाली आणि तुमच्या सल्ल्याने कोणी हात पिवळे केले तर तो बालविवाह, वेगळा गुन्हा. तेवढं लक्षात ठेवा.

---

वेणूताईंची_सून
रविवार, रात्री ११:२०

इतक्या रात्री थान्यात जायची हिंमत नसेल होत तर १८१ लावा, महिला हेल्पलाइन, रात्रभर चालू असते. ते सखी वन स्टॉप सेंटरला जोडून देतात. माझ्या नणंदेच्या वेळी (तिचं प्रकरण घरच्या मारहाणीचं होतं) मी गेले होते, एका छताखाली काउन्सेलर, वकिलाची सोय, हॉस्पिटलला सोबत येणारी बाई, आणि पाच दिवसांपर्यंत राहता येतं. असं सेंटर देशात सगळ्यात पहिलं आपल्या भोपाळलाच सुरू झालं होतं, २०१४ मध्ये जेपी हॉस्पिटलात, गौरवी नावाने, मग पुढच्या वर्षी केंद्राने सगळीकडे योजना आणली. काउन्सेलर कशी मिळते ते नशिबावर आहे हे पण सांगते. आम्हाला पहिल्या दिवशी जी मिळाली ती सारखी घड्याळ बघत होती, दुसऱ्या दिवशीची मात्र सोन्यासारखी.

---

नाव_नको
सोमवार, पहाटे ४:३०

नवीन आयडी बनवून लिहितेय. मी अशाच एका ठिकाणाहून परत आलेली आहे, खूप वर्षं झाली. शहर सांगत नाही.

कायदा वर सगळ्यांनी सांगितला. मी फक्त खोलीतलं सांगते. तुळस ताई, तिला प्रश्न विचारू नका. काय झालं, किती जण होते, पळून का नाही आलीस आधी. तो शेवटचा तर कधीच नाही. मला माझ्या काकूने काही विचारलं नाही, मेथीची जुडी आणून माझ्यासमोर बसली, निवडायला लागली, मी पण निवडायला लागले. तीन दिवस आम्ही भाज्याच निवडत होतो. घेवडा, गवार, पालक, घरात खाणारी माणसं चार आणि भाजी दहा जणांची. चौथ्या दिवशी मी आपणहून बोलले.

दाराकडे तोंड करून बसते म्हणालात, बसू दे. बाथरूमला आतून कडी नीट लागते का बघा. रात्री दिवा चालू ठेवला तर बिलाचं बोलू नका. मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नका, अगदी मायेने सुद्धा. तिला लहान लहान गोष्टी विचारा, चहा की दूध, पंखा हवा की नको, ह्या कुडत्यात येतेस की त्या. तिथे कोणी काहीच विचारत नव्हतं ना.

हॉस्पिटलला न्यायच्या आधी तिला आधीच सांगा काय काय होणार, किती इंजेक्शनं, किती कागद. आणि जे काही ती सांगेल ते एकदाच कोणीतरी लिहून ठेवा तारखेसकट. मी तेच मुकाट्याने अकरा वेळा सांगितलं होतं अकरा टेबलांवर, अकराव्या वेळी माझं मलाच खोटं वाटायला लागलं.

---

खिडकीतली_तुळस
सोमवार, दुपारी ३:१०

पहाटे नाव_नको ताईंचं वाचलं आणि उठून चहा टाकला, साडेसहाला मावशींकडे गेले. त्यांनी सांगितल्यासारखं सगळं आधी समजावलं तिला, ओसरीवर बसून. ती फक्त म्हणाली, डॉक्टर बाईच असेल ना. मी म्हटलं बाईच असेल, नसेल तर आपण परत येऊ. गेलो, सरकारी हॉस्पिटलात. आधी खिडकीवरच्याने थान्यातून कागद आणा म्हणून सांगितलं, मी सिस्टर काकूंचे शब्द जसेच्या तसे म्हटले आणि नाव विचारलं. दहा मिनिटांत डॉक्टर मॅडम आल्या. गोळ्या सुरू झाल्या. तपासणीला ती आधी नाही म्हणाली, मॅडम म्हणाल्या ठीक आहे, बाहेर थांबा, अर्ध्या तासाने हो म्हणाली.

पण आता दुसरंच. मार्कशीट मिळाली, नववीची, डब्यात रेशनकार्डाखाली. तिच्यावरच्या तारखेने ती अजून १८ ची नाहीये!! दोन-अडीच महिने बाकी आहेत. आधारचं वय त्या बाईनेच कँपमध्ये नेऊन बदलून घेतलं होतं, कामाला लागेल म्हणून, गेल्या उन्हाळ्यात. म्हणजे किती आधीपासून ठरलं होतं बघा.

मुलगी म्हणतेय औषध घेईन पण थाना नको. तुम्ही सगळे म्हणताय तिच्या मर्जीने. मी काय करू?

---

काळा_कोट
सोमवार, दुपारी ३:४०

मग इथे मर्जीचं गणित बदलतं आणि मला ते सांगायला आवडत नाहीये. १८ च्या खाली म्हणजे पॉक्सो, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा कायदा. कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने कळवायलाच हवं, तुम्ही, मी, डॉक्टर, सगळे. न कळवलं तर शिक्षा आहे. डॉक्टर मॅडमनी कळवलं असेलच आत्तापर्यंत. वय ठरवताना शाळेचा दाखला पहिला धरतात, आधार नाही, त्यामुळे मार्कशीटची झेरॉक्स काढा आणि मूळ प्रत कोणाच्या हातात देऊ नका, दाखवा फक्त.

थाना नको तर थान्यात जाऊच नका. १०९८ लावा, तिथून बाल कल्याण समितीला कळतं. पोलिसांनाच घरी यायचंय, गणवेशात नाही, साध्या कपड्यात, शक्यतो महिला अधिकारी. पॉक्सोत लिहिलंय तसं. समिती तिच्यासाठी सपोर्ट पर्सन नेमते, म्हणजे सुरुवातीपासून कोर्टापर्यंत सोबत राहणारी एक व्यक्ती, तारखा सांगणारी, पोलिसांचं पत्र वाचून दाखवणारी. मागून घ्या, आपोआप होईलच असं नाही. लगेचच्या खर्चाला, कपडे, येणं-जाणं, खाणं, समिती शिफारस करू शकते आणि ती रक्कम आठवड्याभरात द्यायची असते. नुकसानभरपाई वेगळी, नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) २०१८ च्या योजनेत बलात्कारासाठी ४ ते ७ लाख, एकाहून जास्त जण असतील तर ५ ते १० लाख, पीडिता अल्पवयीन असेल तर त्याच्या दीडपट, आणि त्यातली अंतरिम रक्कम निकालाची वाट न बघता मागता येते. आत्ता पैशाचं तिच्यासमोर बोलू नका, पण अर्ज विसरू नका.

तिला हे असं सांगा: कळवायचं की नाही हे आता आपल्या हातात नाही, पण कुठे बसून बोलायचं, कोणासमोर, कधी थांबायचं, हे सगळं तुझ्या हातात आहे. खोटं आश्वासन देऊ नका.

---

जुनी_सिस्टर
सोमवार, संध्याकाळी ५:१५

तारीख बदलून घेतली हे वाचून अंगावर काटा आला. २८ दिवसांच्या गोळ्यांनी मळमळ होईल हो, पोट भरलेलं ठेवा, रात्री जेवून दिली तर सोपं जातं. मध्येच सोडू देऊ नका. आणि पुन्हा रक्त तपासायच्या तारखा देतील, त्या कॅलेंडरवर लिहा, पण कॅलेंडरवर नुसती टिंबं काढा, कशाची तारीख ते नको.

---

खिडकीतली_तुळस
गुरुवार, रात्री १०:३०

झालं एकदाचं. सोपं नाही झालं.

पोलिस साध्या कपड्यात आले, बाई अधिकारी चांगल्या होत्या, माझ्याच घरी बोलल्या तिच्याशी, मी मटार सोलायला ठेवले होते समोर. पण एफआयआरवर सही करायला मावशी थान्यात गेल्या तर तिथले मुन्शीजी म्हणाले मॅटर गुजरातचा आहे, तिकडे जा. काळा कोट दादा फोनवर होते, त्यांनी स्पीकरवर कलम सांगितलं, शिवाय एफआयआर न लिहिणं हाच गुन्हा आहे ते न्याय संहितेचं कलम १९९ पण सांगितलं. मुन्शीजी टीआय साहेबांकडे, म्हणजे थान्याच्या मुख्य साहेबांकडे गेले. अर्ध्या तासात लिहिली, कॉपी फुकट दिली.

समितीने तिला बालगृहात ठेवलं, कारण ती बाई त्याच बस्तीत राहते आणि काल संध्याकाळी मावशींना फोन करून म्हणाली दहा हजार व्याजासकट परत दे नाहीतर बघ. मला वाटलं होतं घरी पाठवतील. गाडीत बसताना मागे वळून बघितलं तिने आणि मला इतकं अपराधी वाटलं, एका घरातून सोडवून दुसऱ्या बंद घरात पाठवतोय असं.

---

काळा_कोट
गुरुवार, रात्री १०:५०

पैसे अजिबात परत द्यायचे नाहीत. मध्यस्थ, समाजाचे पुढारी, चहाला बसू, काही नाही. फोन उचललाच तर रेकॉर्ड, नंबर ब्लॉक करू नका, व्हॉइस मेसेज डिलीट करू नका, आणि उद्याच तपास अधिकाऱ्याला लेखी द्या. २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे, अर्ज मी लिहून देतो. कोर्टात तिला आरोपी दिसणार नाही असं बसवतात, सुनावणी बंद दाराआड. एक वर्षात संपावं असं कायद्यात लिहिलंय, मी म्हणत नाही संपेलच.

---

नाव_नको
शुक्रवार, पहाटे ५:००

ताई, मला पण ठेवलं होतं. पहिले चार दिवस मी कोणाशी बोलले नाही. भेटायला जाता येत असेल तर जा आणि जाताना काहीतरी तिचंच न्या, नवीन नको. माझा जुना कंगवा आणला होता काकूने. आणि बाहेर आल्यावर कोणी तिला लगेच शिलाई मशीन आणून देऊ नका प्लीज, आम्हा सगळ्यांना शिलाई मशीनच का देतात मला आजवर कळलं नाही, मला सुई ओवता येत नाही.

झोप लागत नसेल, मध्येच ओरडून उठत असेल तर १४४१६, टेलिमानस, फुकट आहे. मावशींसाठी पण. आईला कोणी विचारत नाही.

---

खिडकीतली_तुळस
तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:२०

छोटं अपडेट. बालगृहातून आली, आता दुसरीकडे नातेवाइकांकडे आहे, समितीने घर बघून मगच पाठवली. ती बाई आणि अजून एक जण अटकेत, तिकडचे पोलिस इकडे येऊन गेले. तिथून अजून दोन मुली सुटल्यात असं कळलं, हे सांगितल्यावर पहिल्यांदा तिने मला उलट प्रश्न विचारला, त्यातली एक उंच आहे का, नाकात मोरणी. गोळ्या पूर्ण होत आल्यात. सपोर्ट पर्सन म्हणून एक ताई मिळाल्यात, दर मंगळवारी येतात.

मावशी अजून बस्तीत मान खाली घालून चालतात. कालच म्हणाल्या, भाभी, मी त्या पैशात गॅसची शेगडी घेतली होती, आता तिच्यावर चहा टाकवत नाही. मी म्हटलं मग माझी जुनी घेऊन जा, ती ठेवा माझ्याकडे. काल अदलाबदल केली.

मशीन नकोय तिला. आम्ही विचारलं. दहावी करायचीय म्हणते, गणितात अडकली होती. ओपन बोर्डातून बसता येईल का ते बघतोय. ती राहते तिथून जवळ, म्हणजे त्या भागात कोणी गणित शिकवणारी बाई असेल तर

---

जुनी_सिस्टर
रविवार, दुपारी ४:३५

अगं हे इथे नको विचारू. गणिताचं वेगळं पोस्ट टाक, कोणासाठी ते न लिहिता, आठवड्याभराने, आणि एरिया तर अजिबात नको. इथलं आणि तिथलं कोणीही जोडेल. शेगडीचं पण काढ.

---

खिडकीतली_तुळस
रविवार, दुपारी ४:४१

हो काकू. काढते.